लॅपटॉप देश का विचारतो? गोष्ट मार्कोनीची

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ अमेरिकेतून आला आणि येताना त्याचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी घेऊन आला. मी त्यावर लिनक्स टाकलं. सगळं छान चाललं, एक गोष्ट सोडून: घरचं वायफाय त्याला दिसतच नव्हतं. शेजारच्या काकांचं दिसत होतं, खालच्या दवाखान्याचं दिसत होतं, आमचंच तेवढं नाही. राउटर त्याच खोलीत, हातभर अंतरावर. मोबाइलला फुल्ल रेंज.

दोन तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आमच्या राउटरने आपोआप १३ नंबरचा चॅनल निवडला होता. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायसाठी १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणं मात्र साधारण ११ वरच थांबतात. या लॅपटॉपच्या वायफाय कार्डात कारखान्यातच अमेरिका असा देश लिहून ठेवलेला होता. त्यामुळे ११ च्या पुढे तो ऐकतच नव्हता. मी कमांड देऊन देश भारत केला. लिनक्सच्या कर्नलने ते ऐकून घेतलं, पण १३ नंबर काही उघडला नाही. कार्ड सांगतंय अमेरिका, मी सांगतोय भारत. कर्नलने दोन्ही देशांचे नियम समोर ठेवले आणि दोघांनाही चालेल तेवढंच चालू ठेवलं.

राग आला, खरं सांगतो. मशीन माझं, ड्रायव्हरचा कोड खुला, घर माझं, आणि मला माझ्याच खोलीत १३ नंबर मिळत नाही? हा देशाचा प्रश्न रेडिओला पहिल्यांदा कोणी विचारला, हे शोधत गेलो आणि एका माणसापाशी पोहोचलो. शाळेत त्याच्यावर एका मार्काचा प्रश्न असायचा: रेडिओचा शोध कोणी लावला? उत्तर: मार्कोनी. पुढे मोठे झाल्यावर जगदीशचंद्र बोस यांचं श्रेय मार्कोनीने पळवलं असे फॉरवर्ड वाचले. या दोन्हींमध्ये न बसणारा एक तिसरा मार्कोनी आहे, आणि माझ्या लॅपटॉपच्या दुखण्याशी खरा संबंध त्याचाच आहे.

व्हिस्कीवाल्यांचा नातू

गुलिएल्मो मार्कोनी २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीत बोलोन्या शहरात जन्मला. वडील ज्युसेप्पे जमीनजुमला असलेले गृहस्थ. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध जेमसन व्हिस्कीच्या घराण्यातली. ही आई त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाची. तिच्यामुळे त्याला इंग्रजी घरातच मिळालं आणि पुढे भांडवल मिळालं तेही तिच्याच नातलगांकडून. शिक्षणात पोरगा यथातथाच होता. बोलोन्या विद्यापीठात रीतसर विद्यार्थी म्हणून त्याला प्रवेश मिळाला नाही. पण तिथले प्राध्यापक ऑगुस्तो रिगी ओळखीचे होते, त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला जाता येत असे.

१८९४ साली हाइनरिक हर्ट्झ वारला. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवणारा हाच तो जर्मन शास्त्रज्ञ. आपण ज्या गिगाहर्ट्झचा जप करतो तो हर्ट्झ. रिगींनी त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख विशीतल्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि त्याच्या डोक्यात शिरलं की या लहरींवरून तारेशिवाय संदेश पाठवता येईल. घरी, व्हिला ग्रिफोने नावाच्या त्यांच्या वाड्याच्या माळ्यावर त्याने खटपट सुरू केली. ठिणगी पाडणारं यंत्र एका बाजूला, धातूच्या कणांनी भरलेली काचेची नळी दुसऱ्या बाजूला. लहर आली की ते कण एकमेकांना चिकटून वीज वाहू देतात. यातला एकही भाग त्याने शोधलेला नव्हता. त्याने केलं काय, तर एक टोक जमिनीत पुरलं आणि दुसरं उंच तारेला जोडलं. अंतर एकदम वाढलं. १८९५ मध्ये त्याचा भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन टेकडीपलीकडे जाऊन बसला. संदेश मिळाला की बार काढायचा, असं ठरलं होतं. टेकडी मध्ये असूनही बार निघाला.

इथेच बोसांविषयी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तीच वाट बघाल. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस ५ मिलीमीटर इतक्या लहान लहरींवर काम करत होते, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. १८९९ मध्ये त्यांनी पारा वापरून लहरी पकडण्याच्या साधनाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश घेताना मार्कोनीकडे जे पाऱ्याचं साधन होतं ते इटालियन नौदलामार्फत आलेलं, आणि त्याचं मूळ बोसांच्या कामात आहे असं बरेच अभ्यासक मांडतात. मार्कोनीने ते श्रेय कधी मोकळेपणी दिलं नाही. माझ्या मते हा त्याच्यावरचा डाग आहे. पण बोसांना पेटंटात आणि धंद्यात रस नव्हता, आणि मार्कोनीला पहिल्या दिवसापासून तोच होता.

यंत्र आमचं, माणूसही आमचाच

१८९६ च्या सुरुवातीला आई त्याला घेऊन लंडनला आली. आईच्या माहेरचा नातलग हेन्री जेमसन डेव्हिस याने पेटंटची व्यवस्था लावली आणि त्याच वर्षी जूनमध्ये अर्ज दाखल झाला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी पोराला पाठबळ दिलं. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून फ्लॅट होम बेटावरून किनाऱ्यावर संदेश गेला. टपाल खात्याला वाटलं, आता हा आपलाच माणूस. दोन महिन्यांत मार्कोनीने स्वतःची कंपनी काढली आणि खातं बघत राहिलं.

आता इथे जरा थांबूया, कारण पुढचं सगळं या अडचणीतून निघालं. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन तार पाठवण्याची मक्तेदारी टपाल खात्याची होती. मार्कोनीची कंपनी लोकांकडून संदेशागणिक पैसे घेऊ शकत नव्हती. मग कमाई कशातून? कंपनीने तोडगा काढला: यंत्र विकायचंच नाही. जहाज कंपनीला ते भाड्याने द्यायचं, आणि सोबत ते चालवणारा ऑपरेटरही आपलाच पाठवायचा. पगार आपला, गणवेश आपला, हुकूम आपला. संदेश जायचा तो कंपनीच्याच एका नोकराकडून दुसऱ्या नोकराकडे, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो कंपनीचा अंतर्गत व्यवहार. आणि या नोकरांना सक्त ताकीद: संकटाची हाक सोडली तर दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी किंवा केंद्राशी बोलायचं नाही.

ज्यांनी जुन्या काळात लिनक्सवर वायफाय चालवण्याची मारामारी केली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. २००५ च्या आसपास एथेरॉसच्या चिपसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता. त्याचा बराचसा कोड खुला, पण चिपशी प्रत्यक्ष बोलणारा भाग बंद डब्यात. कारण असं दिलं जायचं की हा भाग उघडला तर कोणीही कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर, हव्या त्या ताकदीने प्रक्षेपण करेल आणि सरकारी नियामक आम्हाला धरतील. यंत्र तुमच्या घरात, पण आतला ऑपरेटर कंपनीचा.

१९०० साली मार्कोनीला ट्यूनिंगचं पेटंट मिळालं. नंबर ७७७७, म्हणून चार साताचं पेटंट हे नाव पडलं. ठिणगीची यंत्रं म्हणजे गल्लीतला लाउडस्पीकर. एकाने लावला की बाकी सगळे बंद. ट्यूनिंगमुळे प्रत्येकाला स्वतःचा सूर मिळू लागला आणि शेजारी शेजारी दोन संदेश चालू शकले. चॅनल या कल्पनेचा एक मोठा टप्पा तो हाच. ही कल्पना मात्र त्याच्या एकट्याची नव्हती. ऑलिव्हर लॉजचं पेटंट आधीचं होतं आणि कंपनीला पुढे ते विकत घ्यावं लागलं. मार्कोनी गेल्यानंतर १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या त्याच्या ट्यूनिंग पेटंटातले महत्त्वाचे दावे रद्दही केले.

१२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू इथून मोर्समधलं एस अक्षर, म्हणजे तीन टिंबं, सतत पाठवली जात होती. समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये सिग्नल हिलवर भन्नाट वाऱ्यात पतंगाला तार बांधून मार्कोनी कानाला रिसीव्हर लावून बसला होता. त्याने ऐकल्याचं जाहीर केलं. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर. खरंच ऐकलं की वाऱ्याच्या आवाजात भास झाला, यावर आजही वाद आहे. पण त्यानंतर काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. समुद्राखालून तारा टाकणाऱ्या अँग्लो-अमेरिकन कंपनीकडे न्यूफाउंडलंडमधल्या तारसेवेची मक्तेदारी होती. तिने लगोलग वकिलाची नोटीस पाठवली: इथे संदेश घेण्याचा हक्क आमचा, तुमचं बंद करा. जगातला सगळ्यात लांबचा बिनतारी संदेश घेतलेल्या माणसाला काही दिवसांतच गाशा गुंडाळून कॅनडात जावं लागलं. लहरीला सरहद्द नसते, पण अँटेना नेहमी कोणाच्या तरी हद्दीत उभी असते, हे त्याला तिथे कळलं.

राजपुत्राची तार

१९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ राजपुत्र हाइनरिक अमेरिका दौरा आटोपून जहाजाने परत निघाला होता. त्याला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश पाठवायचा होता. जहाजावरचं यंत्र जर्मन बनावटीचं, किनाऱ्यावरचं केंद्र मार्कोनीचं. संदेश नाकारला गेला. ऑपरेटर बिचारा आपलं काम करत होता. पण सम्राटाच्या भावाची तार नाकारली म्हटल्यावर जर्मनीत भडका उडाला.

ऑगस्ट १९०३ मध्ये जर्मनीने बर्लिनला ९ देशांची बैठक बोलावली. मुद्दा एकच: कोणाचंही यंत्र असो, किनाऱ्याने जहाजाचा संदेश घेतलाच पाहिजे. ब्रिटन आणि इटली कुरकुरले, कारण त्यांचे मार्कोनीशी करार होते. मार्कोनीची बाजू अशी होती की आमच्या पैशाने उभं केलेलं जाळं फुकट्यांनी का वापरावं, आणि दुसऱ्यांची कच्ची यंत्रं आमच्या शिस्तीत गोंधळ घालतील. दुसरं कारण अगदी खोटं नव्हतं, हे मला मान्य करावं लागतं.

पण आपली यंत्रणा कोणी बिघडवू शकत नाही, ही त्याची फुशारकीही त्याच वर्षी उतरली. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे सल्लागार प्रा. फ्लेमिंग व्याख्यान देत होते. दूरवरून मार्कोनीचा संदेश येणार होता. त्याच्या थोडं आधी यंत्र आपोआप टकटक करू लागलं आणि मोर्समध्ये मार्कोनीची टिंगल करणाऱ्या ओळी उमटू लागल्या. जादूगार आणि बिनतारी यंत्रणेचा जाणकार नेव्हिल मास्केलाइन याने जवळच ट्रान्समीटर लावून हा उद्योग केला होता. फ्लेमिंग वर्तमानपत्रात संतापून लिहीत राहिले, आणि मास्केलाइनने शांतपणे सांगितलं की हो, मीच केलं, तुमचा दावा तपासायला. वायरलेस हॅकिंगचा हा बहुधा पहिला नमुना.

१९०४ मध्ये ब्रिटनने बिनतारी यंत्र चालवायला सरकारी परवाना बंधनकारक केला. आणि १९०६ मध्ये बर्लिनला पुन्हा परिषद भरून आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाज आणि किनारा यांनी यंत्र कोणत्याही कंपनीचं असलं तरी एकमेकांचे संदेश घ्यायचे. सार्वजनिक वापरासाठी ३०० आणि ६०० मीटर या तरंगलांबी ठरल्या, संकटासाठी एसओएस ठरलं. कोणती लहर कशासाठी, याचा देशोदेशी मान्य झालेला पहिला तक्ता तो. मार्कोनी कंपनीने या कराराला विरोध केला होता.

तुमच्या लिनक्समध्ये आज याच तक्त्याचा वंशज बसलेला आहे. वायरलेस-रेगडीबी नावाचा एक प्रकल्प आहे. त्यात एक साधी मजकूर फाइल असते: दोन अक्षरी देश, त्याखाली फ्रिक्वेन्सीचे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात जास्तीत जास्त रुंदी किती, ताकद किती, आणि शेवटी अटी. फक्त घरात वापरा. रडार ऐकू आलं तर जागा सोडा. स्वतःहून प्रक्षेपण सुरू करू नका, आधी ऐका. ही फाइल बायनरी करून तिच्यावर डिजिटल सही होते, आणि सही जुळली तरच कर्नल ती मानतो. पूर्वी हे तपासायला क्रडा नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागायचा, ४.१५ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच ती वाचतो. आणि हो, बरेच देश त्यात ६० गिगाहर्ट्झचा पट्टाही नोंदवतात. बोसांच्या लहरी शेवटी त्या फाइलीत आल्या.

गंमत म्हणजे या फाइलीमुळेच बंद डबा उघडला. उलट अभियांत्रिकी करून स्वयंसेवकांनी एथेरॉसच्या जुन्या चिपसाठी खुला ड्रायव्हर लिहिला होताच. २००८ मध्ये कंपनीने स्वतःहून नव्या चिपसाठी पूर्ण खुला ड्रायव्हर दिला. नियम प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात लपवण्याऐवजी एका जागी, सगळ्यांना वाचता येतील असे ठेवले, आणि कर्नलने एक बाणा धरला: वापरणाऱ्याने देश सांगितला तर नियम आणखी घट्ट होऊ शकतात, कार्डाने घातलेली मर्यादा मात्र त्याने सैल होणार नाही. माझा १३ नंबर अडला तो इथे.

टायटॅनिक आणि एम अक्षर

१९०९ मध्ये मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल ब्राउनबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या जर्मन यंत्रणेशी बोलायला त्याच्या माणसांना बंदी होती, तिच्यामागे याच ब्राउनचं काम होतं. स्टॉकहोमला दोघं एकाच व्यासपीठावर!

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकच्या पहिल्या सफरीचं निमंत्रण मार्कोनीला होतं, पण कामामुळे तो आधीच लुसिटानियाने न्यूयॉर्कला गेला. टायटॅनिकवरचे जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड दोघेही मार्कोनी कंपनीचे नोकर. १४ तारखेच्या रात्री फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग उपसत होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने बर्फाचा इशारा द्यायला मध्ये तोंड घातलं, तर फिलिप्सने त्याला झिडकारलं. तो माणूस यंत्र बंद करून झोपायला गेला. थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगाला धडकलं. दीड हजारांच्या आसपास माणसं गेली, फिलिप्सही गेला. कार्पेथिया जहाजाने हाक ऐकली म्हणून सातशेच्या वर वाचली. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटरही मार्कोनीचाच होता. म्हणजे इथे वेगवेगळ्या कंपन्यांचा झगडा नव्हता. रात्रभर कोणीतरी ऐकत बसलंच पाहिजे, असा नियमच नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये लोकांनी मार्कोनीला डोक्यावर घेतलं. त्याचबरोबर अमेरिकन सिनेटच्या चौकशीत त्याला उत्तरं द्यावी लागली: बातमी वर्तमानपत्राला विकता यावी म्हणून तुमच्या कंपनीने ऑपरेटरांना तोंड बंद ठेवायला सांगितलं का? तसे संदेश गेले होते. ब्राइडने आपली हकीकत विकलीही. त्या दिवसांत हवेत इतका गोंगाट होता की टायटॅनिकचे सगळे प्रवासी सुखरूप असल्याची खोटी बातमी छापून आली. खापर हौशी रेडिओवाल्यांवर फुटलं. ऑगस्ट १९१२ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक ट्रान्समीटरला परवाना सक्तीचा केला आणि हौशी लोकांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं. त्या लहरी कामाच्या नाहीत, असा तेव्हाचा समज.

टायटॅनिकची रेडिओवरची ओळख होती एमजीवाय. यातला एम म्हणजे मार्कोनी. जहाज कोणत्या देशाचं हे त्यात नव्हतं, कोणत्या कंपनीचं हे होतं! १९१२ च्या लंडन परिषदेनंतर ही पहिली अक्षरं देशांना वाटून दिली गेली. आपल्या विमानांच्या अंगावर व्हीटी दिसतं ना, तेही रेडिओच्या अक्षरवाटपातूनच आलं आहे. त्याचा अर्थ व्हाइसरॉयचा प्रदेश, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, पण तो नंतर चिकटवलेला अर्थ आहे. तर कंपनीच्या अक्षराच्या जागी देशाचं अक्षर आलं, आणि माझा लॅपटॉप आज विचारतो तो हाच प्रश्न.

खडकी आणि दौंड

नंतर काय झालं बघा. टाकाऊ म्हणून दिलेल्या आखूड लहरींवर हौशी लोकांनी १९२१ ते १९२३ दरम्यान अटलांटिक ओलांडला. मार्कोनी इतकी वर्षं लांब लहरी आणि प्रचंड मनोरे यांच्या मागे होता. पन्नाशीला आलेल्या या माणसाने आपली चूक ओळखली आणि दिशा बदलली, हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. एलेत्रा नावाच्या आपल्या जहाजावर प्रयोगशाळा थाटून तो समुद्रावर फिरत राहिला, आणि चार्ल्स फ्रँकलिन या त्याच्या अभियंत्याने आखूड लहरींचा झोत एकाच दिशेला सोडणाऱ्या अँटेना बांधल्या.

त्यातला एक झोत आपल्या दारात आला. १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली बीम वायरलेस सेवा सुरू झाली, आणि आपल्याकडची केंद्रं होती पुण्याजवळ खडकी आणि दौंड. दौंडला गाडी बदलताना मी कितीदा वडापाव खाल्ला असेल, पण हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. ही सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्राखालच्या तारांच्या कंपन्यांचा धंदा बसायला लागला, आणि १९२९ मध्ये दोघांना एकाच कंपनीत आणावं लागलं.

आपल्याकडे १९३३ मध्ये बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लावणारा कायदा आला. आजोबांच्या पिढीने पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सची फी भरली ती त्याच व्यवस्थेत. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला २००५ मध्ये, ४ वॅटच्या मर्यादेसह. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. हा २.४ चा पट्टाही मायक्रोवेव्ह ओव्हनच्या गोंगाटाचा, कोणाला नको असलेला. १९८५ मध्ये अमेरिकेने तो बिनापरवाना संदेशांना मोकळा केला, तेव्हा हौशींच्या आखूड लहरींसारखंच झालं.

शेवटच्या काळातला मार्कोनी मला आवडत नाही. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने १९३० मध्ये त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं, आणि ज्यू उमेदवारांच्या नावांपुढे त्याने खुणा केल्याचे कागद पुढे सापडले. जगाला जोडणारा माणूस, असं त्याच्याविषयी लिहिणारे लोक हे पान उलटून पुढे जातात. १९३१ मध्ये त्याने व्हॅटिकनचं रेडिओ केंद्र उभारलं, मग पोपच्या उन्हाळी महालापर्यंत अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लहरींवर दुवा बांधला. वायफायची २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. म्हातारपणी तो पुन्हा आपल्याच दिशेने येत होता.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये तो वारला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधली रेडिओ केंद्रं २ मिनिटं गप्प राहिली, आणि इतर ठिकाणीही तसंच झालं.

परत लॅपटॉपकडे

आता कबुली देतो. होस्टेलला असताना मी राउटरवर ओपन फर्मवेअर टाकून कुठल्याशा भलत्या देशाचा कोड निवडला होता, ताकद वाढते म्हणून. माझ्या खोलीत रेंज जोरात आली. महिन्याभराने कळलं की पलीकडच्या दोन खोल्यांत तेव्हापासून वायफाय सारखं तुटत होतं. तेव्हा मला हुशारी वाटली होती. हा खेळ करणारा मी एकटा नव्हतो. देश बदलून मान्यतेपेक्षा जास्त ताकद मिळते म्हणून २०१६ मध्ये अमेरिकन नियामकाने टीपी-लिंककडून २ लाख डॉलर घेतले. त्याच समझोत्यात कंपनीला राउटरवर बाहेरचं ओपन फर्मवेअर चालू द्यायलाही सांगितलं, हे विशेष. आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये प्रश्न फक्त शेजाऱ्याच्या वायफायचा नसतो. २००९ मध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारमध्ये अशाच उपकरणांमुळे अडथळा आढळला होता. विमान उतरताना वाऱ्याचा धोका सांगणारं ते रडार.

म्हणून या वेळी मी कार्डाशी भांडलो नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो काढलं आणि चॅनल ११ केला. लॅपटॉपला नेटवर्क लगेच दिसलं.

तुमच्या लिनक्सवर बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये आयडब्ल्यू या साधनाला रेग गेट असं विचारा. देशाच्या जागी ०० दिसलं तर घाबरू नका. मशीनला आपण कुठे आहोत ते कळलेलं नाही, म्हणून ते बहुतेक देशांत चालतील असे सावध नियम पाळतंय. रेग सेट करून आयएन द्या. आजूबाजूचे राउटरही आपला देश हवेतून सांगत असतात, त्यावरूनही ते शिकतं. एवढं करून १२-१३ दिसत नसेल, तर कार्ड माझ्यासारखं परदेशी आहे असं समजा आणि राउटर खाली आणा.